हळदवालीची मान

खोटं वाटलं तर सोडून द्या. पटवून द्यायला मी बसलेले नाही.

पण हे घडलंय. आमच्या हिंगोलीत घडलंय, आणि माझ्या मावसबहिणीच्या डोळ्यांदेखत घडलंय.

करुणा तिचं नाव. मूर्तिकार आहे. गावोगावच्या विहारांसाठी बुद्धमूर्ती घडवून तिचे हात तयार झालेले. भुताखेताचा विषय निघाला की ती उठून चहा टाकायला जाते. आम्ही बौद्ध. असलं काही मानायचं नाही, माणसाच्या दुःखाचं कारण माणसातच शोधायचं, हे लहानपणापासून ऐकत आलेलो. त्यामुळे ही गोष्ट तिच्या तोंडून बाहेर यायला वर्ष गेलं. सांगतानाही माझ्याकडे बघत नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. हळदीचा सीझन. आणि वेळ भर दुपारची.

रात्र नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. लोक विचारतात म्हणून.

हिंगोली म्हणजे मूळची छावणी. पलटणीबरोबर कुठकुठले लोक आले, पलटण गेली, लोक राहिले. रिसाला बाजार, पेन्शनपुरा ही नावं काय उगाच पडली नाहीत. मागून व्यापारी आले, रुळांवर काम करणारे आले, बैलांवर धान्य लादून तांडे आले. अशा बाहेरून येऊन हे शहर उभं करणाऱ्यांचं एक शिल्प स्टेशनकडच्या चौकात बसवायचं ठरलं. पाच माणसं. पलटणीतला शिपाई, तागडीवाला व्यापारी, बैलवाला तांडेकरी, रुळावरचा मजूर... आणि शेवटी डोक्यावर टोपली घेतलेली हळदवाली. हळद शिजवायला दरवर्षी परमुलखातून येतात ना बायका, त्यांतली एक.

काम करुणाला मिळालं. शहराच्या चौकात तिच्या हातची पहिली मूर्ती उभी राहणार होती. खाली तिचं नाव कोरलं जाणार होतं. बाई हवेत होती.

शिल्पाच्या समितीचा अध्यक्ष मुन्नाशेठ. हळदीचा मोठा व्यापारी. शहराबाहेर त्याचं हळद शिजवायचं आवार, मोठमोठे वाफेचे कुकर, सीझनला शेकडो माणसं. भाषणात म्हणायचा, "आमचे आजोबाबी डोक्यावर गाठोडं घिऊनच आले होते इथं." आणि डोळे पुसायचा. लोकही टाळ्या वाजवायचे.

त्यानंच एक कल्पना काढली. ज्या ज्या वस्तीत बाहेरची माणसं येऊन राहिली, तिथली मूठभर माती आणायची आणि मूर्तीच्या मातीत मिसळायची.

कल्पना चांगली होती. तीच त्याला भोवली.

मार्केट यार्डामागच्या जुन्या शेडमध्ये करुणाचं काम चालायचं. शेडसमोर मांडव घातला. लोक रांगेनं मूठ-मूठ माती घेऊन आले. कुणी पितळी ताटात, कुणी रुमालात. करुणा प्रत्येकाची मूठ घमेल्यात घेत होती.

सगळे झाले. घमेली आत गेली. पहिल्या चार मूर्तींच्या गाऱ्यात माती कालवून झाली.

आणि मग... एक बाई पुढं आली.

पदर छातीपर्यंत ओढलेला. लुगडं पिवळं पडलेलं. पण सीझनला हिंगोलीत अर्धं गाव पिवळं असतं, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही.

"कोणत्या वस्तीची माती हाय, बाई?" करुणानं विचारलं.

बाईनं नुसता हात लांब केला. मुन्नाशेठच्या आवाराकडं जाणाऱ्या रस्त्याकडं.

मग तिनं मूठ उघडली. करुणानं ओंजळ धरली.

माती गरम होती.

उन्हाची असेल, करुणाला वाटलं. पण त्या हाताकडं तिनं पाहिलं होतं. उकडलेल्या हळकुंडाची साल सुटावी, तशी त्याची कातडी सुटलेली होती. विचारायला तिनं मान वर केली...

समोर कुणी नव्हतं. मोकळा मांडव, आणि घड्या करून ठेवलेल्या सतरंज्या.

करुणानं खांदे उडवले. पाचव्या मूर्तीचा गारा तेवढा शिल्लक होता. ती अख्खी मूठ तिनं हळदवालीच्या मातीत टाकली आणि पायांनी तुडवली.

झालं. इथंच.

चार मूर्ती सरळ तयार होत गेल्या. मातीकाम वाळून तडकू नये म्हणून त्यांच्यावर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवावं लागतं. करुणा दुपारी शेडला कुलूप लावून घरी जेवायला जायची, आली की गोणपाटं सोडायची. चार गोणपाटं ओली गार.

पाचवं कोरडं ठणठणीत. आणि हात लावला की पोळायचं.

वास यायचा. हळद शिजताना येतो तो जड, मातकट वास. पण शेडच्या आसपास कुठं हळद शिजत नव्हती.

हळदवालीचा चेहरा करायला करुणानं कुणाला समोर बसवलं नव्हतं. बोटं चालत गेली, चेहरा होत गेला. पंचविशीतली बाई. कपाळ रुंद, वरचा ओठ जरासा तुटका. तो ओठ करुणानं दोनदा भरून काढला. पुन्हा तुटका झाला.

मान तिनं खाली झुकवली होती. डोक्यावर ओझं असलेल्या बाईची असते तशी.

एक दिवस ती जेवून आली. कुलूप काढलं. गोणपाट सोडलं.

मान वर होती. आणि उजवीकडं वळलेली होती.

करुणानं आधी कुलूप तपासलं. कुणीतरी चावटपणा केला, असं म्हणावं तर चावी तिच्याच कमरेला. आणि दुसरी गोष्ट. मूर्तीच्या आत लोखंडी गजाचा सांगाडा असतो. मान वळवायची तर गज वाकवावा लागेल, आणि गज वाकला तर वरची माती तडकणारच.

एकही भेग नव्हती.

तिनं गळ्याशी माती कापली, गज वाकवला, मान खाली केली. पुन्हा लिंपून काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी... पुन्हा वर. पुन्हा उजवीकडं.

उजवीकडं काय होतं? पत्र्याची भिंत. भिंतीपलीकडं रस्ता. आणि तो रस्ता सरळ मुन्नाशेठच्या आवाराला जात होता.

करुणानं हे कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? जन्मभर ज्या गोष्टीला हसली, तीच समोर उभी. नवऱ्याला सांगावं म्हटलं, तर त्याचं वेगळंच चाललेलं.

तिचा नवरा रविंद्र. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. या शिल्पाच्या तीन वर्षं आधी तो मुन्नाशेठच्या आवारात देखरेखीला होता. एका सीझनला अचानक काम सोडलं. "जमत न्हाई तिथं," एवढंच म्हणाला. मग कृषी केंद्रात लागला. बायको एवढं मोठं शिल्प करतेय, पण पठ्ठ्या एकदाही शेडकडं फिरकला नव्हता. आज पाठ दुखते, उद्या दुकानात माल येणार. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

एक दिवस करुणा जेवायला गेलीच नाही. मान वळते तरी कधी, हे बघायला ती तिथंच थांबली. शेवटी रविंद्र डबा घेऊन आला.

दारात आला. समोरच हळदवाली. गोणपाट सोडलेलं.

डबा हातातून पडला. वरण जमिनीवर पसरलं.

"हे तोंड... हे तोंड कुठं पाहिलंस तू?"

"कुठंच न्हाई. हातातून आलं तसं केलं."

"खोटं बोलू नको, करुणा!"

"काहून खोटं बोलू? कोण हाय ही? ओळखता का तुमी हिला?"

रविंद्र खाली बसला. घाम पुसला. मग बोलला.

जिवनबाई. खंडव्याकडून नवरा-बायको आलेले हळद शिजवायला. नवरा धर्मसिंग. त्या सीझनला माल फार आला होता. काम लवकर उरकावं म्हणून मुन्नाशेठनं कुकरची जादा वाफ सोडणारी चावी तारेनं बांधून ठेवायला लावली. रविंद्रनं ती बांधली.

झाकण उडालं तेव्हा जिवनबाई समोर होती.

दुपारची वेळ. माणसं जेवायला गेलेली. आवारात तिघंच. ती, मुन्नाशेठ आणि रविंद्र.

"दवाखान्यात नेलं न्हाई?" करुणानं विचारलं.

रविंद्रनं मान हलवली. "जीव होता अजून. शेठ म्हणे, कशाला बोभाटा करता... भट्टीच्या मागं राखेचा खड्डा होता."

करुणाला पुढचं ऐकवेना. तरी तिनं विचारलं. "आन् नवऱ्याला काय सांगितलं?"

रविंद्र सांडलेलं वरण हातानं गोळा करायला लागला.

"काय सांगितलं वो?"

"शेठनं सांगितलं तेच म्यां सांगितलं... की ती एका डायवरचा हात धरून पळून गेली."

बाईला जिवंत पुरली. वर तिच्या नावाला काळं फासलं. धर्मसिंग खाली मान घालून आपल्या मुलखाला निघून गेला. त्याच्या लेकराची आई पळपुटी ठरली. मला विचाराल तर जाळण्यापुरण्यापेक्षा हे वाईट. मेलेल्या बाईला तोंडही नसतं उलटून बोलायला.

की असतं?

"मोड ते तोंड," रविंद्र हात जोडून म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. चौकात हे तोंड उभं राहिलं, तर म्या जगणार न्हाई."

करुणाच्या मनात काय काय आलं असेल. नवरा होता तो तिचा. तिनं तारेचं कोरणं उचललं आणि मूर्तीच्या गालाला लावलं...

स्स्स्ऽऽऽ...

आवाज मूर्तीच्या आतून आला. कोंडलेली वाफ फटीतून सुटावी तसा.

कोरणं लाल झालं. करुणाचा तळवा भाजला. तो डाग अजून आहे. मी पाहिलाय.

ती मागं सरकली. मग नवऱ्याला म्हणाली, "म्या न्हाई मोडणार. तुमी जा. धर्मसिंगला शोधा आन् त्याच्या तोंडावर खरं सांगा. ती त्यासाठीच आली हाय."

रविंद्र उठला. गेला.

पण धर्मसिंगकडं नाही. मुन्नाशेठकडं गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुन्नाशेठची गाडी शेडसमोर थांबली. बरोबर रविंद्र. मान खाली.

मुन्नाशेठ आत आला, मूर्तीपुढं उभा राहिला. घाबरला वगैरे काही नाही. असली माणसं सहसा घाबरत नाहीत.

"छान झाली हाय मूर्ती, करुणाताई. फक्त पदर खाली ओढा. तोंड झाकून टाका."

"न्हाई झाकणार."

"ताई, नवरा तुमचाबी हाय त्यात. ती चावी कुणी बांधली होती, ध्यानात ठेवा."

"ठेवली हाय. तरी न्हाई झाकणार."

मुन्नाशेठ हसला. कोपऱ्यातला हातोडा उचलला. "मग म्याच करतो. रविंद्र, हिला बाहेर घे."

रविंद्रनं करुणाचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. नवऱ्यानं तिच्यावर हात टाकायची ती पहिलीच वेळ.

दोघं उन्हात उभे. शेडचं दार उघडंच होतं. वारं पडलेलं, पान हलत नव्हतं.

तरी दार... हळूहळू लागलं.

आतून हातोड्याचा एक घाव ऐकू आला.

मग काहीच नाही.

मग तो आवाज.

स्स्स्ऽऽऽ... आधी बारीक. मग मोठा. मग एवढा मोठा की पत्रे थरथरायला लागले. दाराच्या फटीतून वाफ बाहेर यायला लागली. पिवळी वाफ. आणि आतून मुन्नाशेठ ओरडायला लागला.

"चावी सोड! रविंद्र, चावी सोड!"

कसली चावी? शेडमध्ये ना कुकर होता, ना चूल, ना साधी काडेपेटी.

रविंद्र दाराला भिडला. दार हलेना. करुणा म्हणते, ती आपल्या जागेवरून हलली नाही. दार उघडावं असं तिला वाटलंच नाही. हे मला सांगताना तिचा आवाज अगदी सरळ होता, आणि भुताच्या गोष्टीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आवाज थांबला. दार आपसूक उघडलं.

मुन्नाशेठ मूर्तीपुढं गुडघ्यावर होता. दोन्ही हात कोपरापर्यंत उकडलेले. कातडी सुटलेली. जिवंत होता. पण बुबुळं पांढरी पडलेली. बाकी चार मूर्तींची गोणपाटं मात्र ओली गार. शेडच्या पत्र्यावर वाफेचा टिपूस नाही.

हातोडा खाली पडला होता. मूर्तीला साधा ओरखडा नव्हता. आणि तिची मान, तेवढ्या वेळापुरती, खाली होती. मुन्नाशेठकडं बघत.

त्याचे ओठ हलत होते. करुणानं कान दिला.

"ती पळून गेली न्हाई," मुन्नाशेठ म्हणत होता. "ती पळून गेली न्हाई. ती पळून गेली न्हाई."

आजही तेच म्हणतो. बायकोनं जेव म्हटलं, डॉक्टरनं नाव विचारलं, तरी तेच. दुसरा शब्द तोंडातून येत नाही.

रविंद्रची पाचावर धारण बसली. त्याच संध्याकाळी तो पोलिसांत गेला. सगळं सांगितलं, खड्डा दाखवला. पंचांसमोर उकरला.

खड्ड्यात काही नव्हतं.

एक हाड नाही, एक केस नाही. माती तेवढी गरम होती. उकरणारे म्हणाले, उन्हाची असेल. देहच नाही, म्हणून पोलिसांनी रविंद्रलाही घरी सोडलं.

मातीच्या मूर्तींवरून चौकातल्या धातूच्या मूर्ती ओतायच्या होत्या, त्यांचे साचे काढायला संतराम म्हणून कारागीर आला. साचा उघडला की आतली माती काढून टाकतात. हळदवालीची माती काढताना त्याच्या बोटाला काही लागलं. लाखेच्या बांगडीचा तुकडा. हिरवा, वर पांढरे ठिपके. तो गारा करुणानं स्वतः चाळला होता, पायांनी तुडवला होता. खडासुद्धा नव्हता त्यात.

अनावरणाला धर्मसिंग आला. पोलिसांनी शोधून निरोप धाडला होता. करुणानं तो तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं उलटसुलट करून पाहिला.

"मेले से लाया था मैं," तो म्हणाला. आणि तिथंच, सगळ्यांसमोर, रडायला लागला. "मैं तीन साल उसको गाली देता रहा, ताई. बच्चे को भी वही सिखाया."

करुणानं हळदवालीची सगळी माती गोणीत भरून ठेवली होती. ती तिनं त्याला दिली. जाळायला नाही तर नाही, निदान नदीत सोडायला तरी काही हवं. त्यानं गोणी खांद्यावर घेतली आणि दचकला.

"गरम है," म्हणाला.

आता उरलेलं सांगते. त्यामुळेच माझी झोप उडालेली आहे.

रविंद्र तिथंच होता. गर्दीत, खांबाआड. करुणानं त्याला खुणावलं. हात धरून ओढलं. "जा. एवढंच बोला, की म्या खोटं बोललो. त्याच्या तोंडावर बोला." रविंद्रनं पोलिसांना सांगितलं होतं. साहेबाला सांगितलं होतं. पण ज्या माणसाला ते खोटं आपल्या तोंडानं सांगितलं, त्याच्यापुढं जायला त्याचे पाय उचलेनात. धर्मसिंग स्टेशनकडं चालत गेला. गाडी आली. गाडी गेली.

शिल्प चौकात उभं आहे. कधी आलात तर बघा. चार जण समोर बघतात. पाचवीची, हळदवालीची मान करुणानं पुन्हा खाली झुकवली होती, साचाही तसाच निघाला होता. माझ्याकडे अनावरणाचा फोटो आहे. त्यात मान खाली आहे.

आता ती वर आहे. आणि मुन्नाशेठच्या आवाराकडं वळलेली नाही.

डावीकडं वळलीय. करुणाच्या घराकडं.

करुणाच्या घरात आता कुकर लावत नाहीत. वरण-भात उघड्या पातेल्यात शिजतो. कुकर माळ्यावर टाकलाय, झाकण वेगळं, भांडं वेगळं. तरी दुपारी, जेवणाच्या वेळेला, वरून तो आवाज येतो...

स्स्स्ऽऽऽ...

मागच्या रविवारी मी तिच्याकडं जेवायला होते. मीसुद्धा ऐकला. करुणानं ऐकला. मी रविंद्रला विचारलं, "दाजी, भाकरी वाढू का?"

रविंद्रनं माझ्याकडं पाहिलं. ताटातला हात मनगटापर्यंत लाल झाला होता.

"ती पळून गेली न्हाई," तो म्हणाला.

करुणानं हातातली भाकरी खाली ठेवली. "आवं, ती काय विचारून राहिली? भाकरी वाढू का?"

"ती पळून गेली न्हाई," रविंद्र म्हणाला.